निसर्गाची पोथी : गारगोटीच्या पोटांतील वलयें

उन्हाळी नांगरट झाली, कीं आमच्या साक्री तालुक्यांत शेतोशेतीं एक काम चाललेलें दिसतें. तें म्हणजे फाळाखालून वर आलेले दगड वेंचून बांधावर टाकण्याचें. या दगडांत काळ्या पाषाणाचा भरणा मोठा. परंतु मधूनमधून एखादा पांढरा, दुधाळ किंवा मेणासारखा पिवळसर गोटाही हाताला लागतो. शेतकरी त्याला गार म्हणतो, लहान असला तर गारगोटी म्हणतो, आणि काळ्या दगडांच्याच ढिगावर त्यालाही फेंकून देतो. त्याचें कांहीं चुकत नाहीं. गारेनें फाळाची धार जाते, बैलाच्या खुरांत ती रुतते, आणि पिकाला तिचा कवडीचाही उपयोग नाहीं.

परंतु अशी एखादी गार दुसऱ्या दगडावर आपटून फुटली, कीं कधींकधीं तिच्या पोटांत एकांत एक बसलेलीं वलयें दिसतात. पांढऱ्याला लागून राखी, राखीला लागून निळसर, मग पुन्हां पांढरें, मग तांबूस. कांदा आडवा चिरल्यावर दिसावीं तशीं. कांहीं वलयें बोटाएवढीं रुंद, तर कांहीं इतकीं बारीक कीं भिंगावांचून मोजतां येऊं नयेत. ही वलयांकित गार म्हणजेच अकीक. शब्द मूळचा अरबी. इंग्रजींत हिला ॲगेट म्हणतात. तें नांव सिसिलींतील आखाटीस नदीवरून पडलें, आणि त्या नदींतील या दगडाचा उल्लेख थिओफ्रास्टस या ग्रीक पंडितानें इसवी सनापूर्वीं सुमारें तीनशें वर्षें आपल्या पाषाणविषयक ग्रंथांत करून ठेविला आहे.

या सदराच्या एका वाचकभगिनींनीं पत्रानें विचारिलें आहे, कीं मुलानें कान नदीच्या पात्रांतून असा रेघांचा एक दगड घरीं आणला आहे. तो रत्नांत मोडतो काय, आणि अंगठींत बसवावा काय? प्रश्न दोनच ओळींचा आहे. परंतु त्याचें उत्तर नीट द्यावयाचें तर दगड काय आहे हें आधीं सांगितलें पाहिजे, आणि तो अंगठीपर्यंत कसा पोंचतो हेंही सांगितलें पाहिजे. या दुसऱ्या गोष्टीचा विचार आपण सुशिक्षित माणसें सहसा करीत नाहीं, म्हणून आजचें सदर त्यासाठीं खर्चिलें आहे.

प्रथम दगडाचें कूळ पाहूं. आपल्या पायांखालचा काळा पाषाण, ज्याला शास्त्रीय परिभाषेंत असिताश्म किंवा बेसाल्ट म्हणतात, तो एके काळीं वितळलेला रस होता. सुमारें ६.६ कोटी वर्षांपूर्वीं भूमीला पडलेल्या भेगांतून हा रस वर आला आणि थरावर थर असा पसरत गेला. आजही तो सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूभाग व्यापून आहे. धुळें आणि नंदुरबार यांच्या दरम्यान माळावर सरळ रेषेंत धांवणाऱ्या काळ्या दगडाच्या अरुंद टेंकड्या आपण पाहिल्या असतील. कोणी बांधलेला तट ढासळून पडला असावा, असें त्यांकडे पाहून वाटतें. त्या म्हणजे भेगांतच थिजून राहिलेला रस होय. भोंवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि या भिंती उभ्या राहिल्या.

रस वर येतांना त्यांतील वायु बाहेर पडूं पाहतो. कांहीं निसटतो, कांहीं रस घट्ट होऊं लागल्यामुळें आंतच कोंडला जातो. तुपांत सोडलेल्या अनारशाला जशी जाळी पडते, तशीच जाळी या खडकाच्या वरच्या भागाला पडते. खडक थंड होतो तेव्हां या जाळीचीं छिद्रें रिकामीं राहतात. कोठें तीं मोहरीएवढीं असतात, कोठें नारळाएवढीं, तर कोठें माणूस आंत वांकून बसेल एवढीं. अकीकाचा जन्म या रिकाम्या जागेंत होतो.

पुढें भूमींत मुरणारें पाणी खडकाच्या बारीक चिरांतून झिरपूं लागतें. खडकांत, विशेषतः त्यांतील कांचेसारख्या भागांत, सिलिका नांवाचें द्रव्य असतें. सिलिकॉनचा एक अणु आणि प्राणवायूचे दोन अणु, एवढेंच तिचें घटित. पाणी ही सिलिका अत्यंत अल्प प्रमाणांत विरघळवून घेतें, आणि कोंडलेल्या पोकळींत शिरल्यावर तेथें ती सोडून देतें. मंद गतीनें आणि मोकळ्या जागेंत ती जमली तर तिचे षट्कोनी, पारदर्शक स्फटिक होतात. तोच आपला स्फटिकमणि. ती भिंतीला बिलगून, सूक्ष्म तंतूंच्या रूपानें दाट जमली, तर त्या दगडाला कॅल्सेडनी म्हणतात. आणि कॅल्सेडनीला वलयें असलीं, म्हणजे ती अकीक. तात्पर्य, देवघरांतील स्फटिक, शेतांतील पांढरी गार, मुलानें आणलेला रेघांचा दगड आणि नदींतील शुभ्र वाळू हीं सर्व एकाच कुळांतलीं. त्या कुळाचें नांव क्वार्ट्झ. भेद आहे तो केवळ घडणीचा.

आतां वलयांविषयीं. तीं पोकळीच्या भिंतीला समांतर असतात. भिंत जेथें वांकली तेथें वलयही वांकतें. यावरून असें दिसतें कीं, भरणा बाहेरून आंत होत गेला. सर्वांत बाहेरचें वलय सर्वांत जुनें, आणि मध्यभागीं जें आहे तें शेवटचें. पुष्कळदां मध्यें पोकळीच राहते, आणि तिच्यांत स्फटिकांचे चिमुकले सुळके आंतल्या बाजूला तोंड करून उभे असतात. एका वलयांतील तंतु दाट तर दुसऱ्यांतील विरळ, एकांत पाण्याचा अंश अधिक तर दुसऱ्यांत कमी, एकांत लोहाचा लेश आहे तर दुसऱ्यांत नाहीं. या भेदांमुळें रंग आणि पारदर्शकता बदलतात व रेघ उमटते. लोहामुळें तांबडा, पिवळा आणि तपकिरी रंग येतो.

कांहीं अकीकांच्या तळाशीं वलयें वांकडीं नसून अगदीं सपाट, एकावर एक अशीं असतात. तेथें सिलिका भिंतीला न चिकटतां गाळासारखी खालीं बसत गेली. गवंड्याची पाणसळ जें काम करते तेंच हे सपाट थर करतात. ते बसले त्या काळीं आडवी पातळी कोणती होती हें ते सांगतात. असा दगड खडकांत जागच्या जागीं बसलेला असतां त्याचे थर आज तिरपे दिसले, तर मधल्या काळांत भूमीच कलली आहे असें भूशास्त्रज्ञ समजतो.

ही लय कशी येते, यावर मात्र विद्वानांत शंभर वर्षांहून अधिक काळ वाद चालू आहे. एक पक्ष म्हणतो, पाणी वारंवार आलें आणि दर वेळीं एक पूट देऊन गेलें. दुसऱ्या पक्षाचा मूळपुरुष जर्मन रसायनज्ञ राफाएल लीझगांग. त्यानें १८९६ मध्यें असें दाखविलें, कीं सरसासारख्या थिजलेल्या पदार्थांत एक क्षार मिसळून ठेविला आणि त्यांत दुसऱ्या क्षाराचा थेंब सोडला, तर तो थेंब आंत पसरतांना ठराविक अंतरानें आपोआप वर्तुळें उमटतात. कोणी पुन्हां पुन्हां कांहीं घालावें लागत नाहीं. पोकळींत सिलिकेचा लगदा भरला असेल तर त्यांतही असेंच घडलें असेल, असें त्याचें म्हणणें. अकीकावर त्यानें १९१५ मध्यें स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आजच्या शास्त्रज्ञांना या दोहोंपैकीं एकच एक मत सर्व अकीकांना लावणें पटत नाहीं. वाचकांनीं लक्षांत ठेवावयाचें तें इतकेंच, कीं झाडाच्या खोडांतील वलयें वर्षें सांगतात, तशीं हीं सांगत नाहींत. वलयें मोजून दगडाचें वय काढतों असें कोणी म्हणूं लागला तर त्यावर विश्वास ठेवूं नये.

मुलांनीं घरीं आणलेला दगड खरोखर गारेच्या कुळांतला आहे कीं नाहीं, हें पाहण्याची रीत सोपी आहे. आपल्या खडकांच्या पोकळींत गारेखेरीज कॅल्साइट नांवाचा चुन्याचा दगडही सांपडतो. तोही पांढरा असतो. त्यावर चाकूच्या टोंकानें रेघ ओढली तर ओरखडा पडतो, आणि त्याची पूड लिंबाच्या रसांत टाकली तर ती फसफसते. गारेवर चाकूचा ओरखडा पडत नाहीं. उलट तिच्या टोंकानें कांचेवर रेघ उठते. आणखी एक गंमत मुलांना अवश्य दाखवावी. रात्रीं दिवा मालवून दोन गारगोट्या एकमेकींवर जोरानें घासल्या, कीं त्यांच्या आंतच क्षणभर पिवळसर उजेड चमकतो. मात्र हा प्रयोग एक-दोन वेळांच करावा, आणि तोंड दूर ठेवावें. कां तें पुढें येईल.

या कठीणपणामुळेंच गार माणसाच्या कामीं आली, आणि तीही आपल्या खानदेशांत फार पूर्वींपासून. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें १९७०च्या दशकाच्या आरंभीं एस. ए. साळी यांनीं उत्खनन केलें. तेथें प्राचीन अश्मयुगांतील माणसांचीं जास्पर आणि कॅल्सेडनी या दगडांचीं हत्यारें सांपडलीं. शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणीही सांपडले. सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचीं तीं माणसें आमच्या-तुमच्या बांधावरच्या गारेंतूनच आपलीं पातीं काढीत होतीं.

त्याहून पुष्कळ अलीकडची, म्हणजे सुमारें ४,००० वर्षांपूर्वींची वस्ती खुद्द साक्री तालुक्यांतच आहे. कवठें या गांवीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या ढवळीकर, शिंदे आणि अत्रे या अभ्यासकांनीं उत्खनन केलें आणि त्याचा वृत्तांत १९९० मध्यें प्रसिद्ध झाला. तापीकांठच्या सावळदें या गांवावरून ज्या संस्कृतीला नांव मिळालें, त्या संस्कृतीचें हें गांव. खानदेशच्या आद्य शेतकऱ्यांचें म्हटलें तरी चालेल. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशें येथें १९५५ मध्यें बी. के. थापर यांनीं जें उत्खनन केलें, त्यांतही याच युगाचे थर मिळाले. या युगाला ताम्रपाषाणयुग म्हणतात, कारण तांबें माहीत होतें पण दुर्मिळ होतें. रोजची कापणी, चिरणें, सोलणें हीं कामें कॅल्सेडनीच्या पात्यांनीं होत असत. दोन्हीं कडा समांतर, लांबी बोटाएवढी, धार वस्तऱ्यासारखी. अशीं पातीं एका गाभ्यावरून एकामागून एक काढण्याची विद्या त्या लोकांना उत्तम साधली होती. लांकडाच्या किंवा हाडाच्या खांचेंत अशीं पातीं ओळीनें बसविलीं कीं विळा तयार. ज्या गारेला आजचा शेतकरी नांगराची शत्रु समजतो, तिनेंच त्याच्या पूर्वजाचें पीक कापलें.

पुढें सातवाहनांच्या काळीं या दगडाला मोल आलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक व्यापाऱ्यानें समुद्रप्रवासाची एक मार्गदर्शिका लिहिली. ती ‘पेरिप्लस’ या नांवानें प्रसिद्ध आहे. तींत असें नमूद आहे, कीं पैठणहून ओनिक्स जातीचा दगड पुष्कळ प्रमाणांत गाड्यांतून, रस्ते नसलेल्या दुर्गम मुलुखांतून भडोचच्या बंदरास येतो. ओनिक्स म्हणजे सरळ पट्ट्यांचा अकीकच. गोदावरीकांठचें पैठण आणि नर्मदामुखावरचें भडोच यांच्यामध्यें सह्याद्रीचा उत्तर भाग आणि खानदेश पडतो. तेव्हां त्या गाड्या आमच्याच कोठल्या तरी बारीनें खालीं उतरत असाव्यात, असा तर्क केला तर तो अवाजवी होणार नाहीं. साक्रीहून सुरतेकडे जाणारा रस्ता आजही कोंडाईबारीच्या घाटानेंच उतरतो.

आपल्या ब्राह्मण घरांत तर या कुळाचा वास नित्याचा आहे. पंचायतनांतील पांच देवतांपैकीं विष्णूचा शाळिग्राम गंडकीचा, तो वेगळ्या जातीचा दगड. परंतु सूर्याच्या स्थानीं ठेवितात तो स्फटिक शुद्ध क्वार्ट्झ होय; आणि शिवाच्या स्थानींचा नर्मदेचा बाण पुष्कळदां याच कुळांतील वलयांकित दगडाचा असतो. एखाद्या बाणाच्या अंगावर तिरपें पांढरें वलय असलें, तर भाविक त्याला जानवें म्हणतात व तो बाण विशेष मानितात. तें जानवें म्हणजे वर सांगितलेलें, सिलिकेच्या पुटांनीं घडलेलें वलयच होय. हें ठाऊक झाल्यानें भक्तीला उणेपणा येण्याचें कारण नाहीं. अभिषेक करतांना तें वलय ओलें होऊन अधिक उजळतें, तें आतां अधिक समजून पाहतां येईल इतकेंच.

घरांतील जुन्या पोथ्यांच्या कागदावरून बोट फिरवून पाहावें. तो गुळगुळीतपणा यंत्राचा नव्हे. हातकागदाला खळ देऊन, वाळवून, मग गुळगुळीत दगडानें तो घोटीत. त्या कामाला अकीक उत्तम, कारण तो स्वतः झिजत नाहीं आणि कागदाला ओरखडा पाडीत नाहीं. सोन्याच्या मुलाम्याला झळाळी आणणारे कारागीर अकीकाच्या टोंकानें घोटून ओप देतात तेंही यासाठींच. औषधें व रसायनें खलण्यासाठीं अकीकाचा खल घेतात, म्हणजे खलाचा अंश औषधांत उतरत नाहीं. शाळेच्या प्रयोगशाळेंतील कांचेच्या पेटींतला तराजू वाचकांपैकीं अनेकांनीं हाताळला असेल. त्याची दांडी ज्या धारेवर तोलली जाते ती धार आणि तिच्याखालची पट्टी अकीकाची करीत असत. मिलिग्रॅमचा हिशेब त्या धारेवर अवलंबून. ती बोथट झाली कीं तराजू खोटा पडे.

एवढ्या उपयोगांनंतर आतां दागिन्याकडे वळूं. हिंदुस्थानांत अकीकाच्या कामाचें मोठें केंद्र गुजराथेंतील खंबायत. कच्चा दगड मुख्यत्वें भडोच जिल्ह्यांतील रतनपूरच्या बाजूनें येई. तो मूळचा आपल्याच काळ्या खडकाच्या पोटचा. खडक झिजला, अकीक मात्र झिजला नाहीं, आणि प्राचीन नद्यांनीं तो वाहून नेऊन गोट्यांच्या थरांत पुरून ठेविला. खंबायतचे कारागीर जमिनींत तिरपी रोंवलेल्या लोखंडी मेखेच्या टोंकावर दगड धरतात आणि वरून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीनें हलकेच ठोकतात. ठोक वरून, पण कपचा उडतो तो मेखेच्या बाजूनें. या रीतीनें वाटोळा मणि साधतो. मग घासणें, मग हिऱ्याच्या कणीनें भोंक पाडणें, मग जिल्हई.

रंगाचीही एक विद्या आहे. पिवळट-तपकिरी दगड आधीं उन्हांत वाळवून, मग मडक्यांत घालून गोंवऱ्यांच्या मंद आंचेंत ठेवितात. दगडांतील लोहाच्या संयुगांतून पाणी निघून जातें आणि तो तांबडालाल होतो. हीच आपली तांबडी अकीक. लोथल आणि हडप्पाच्या काळींही तापवून लाल केलेले मणी होत असत. जर्मनींतील ईडार-ओबरश्टाईन या गांवानें याच्या पुढचें पाऊल टाकिलें. एकोणिसाव्या शतकांत तेथें ब्राझीलचा अकीक येऊं लागला. अकीकाला डोळ्यांना न दिसणारीं छिद्रें असतात. तो मधाच्या किंवा साखरेच्या पाण्यांत मुरवावा, मग गंधकाम्लांत ठेवावा, म्हणजे आंत शिरलेली साखर जळून कोळसा होते व दगड काळा पडतो. दाट वलयांत पाणी शिरत नाहीं, तीं पांढरीं राहतात. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा दगड असा तयार होतो. बाजारांत गर्द निळा, जांभळा किंवा पोपटी अकीक दिसला, तर तो रंगविलेला आहे असें बहुधा खुशाल समजावें. त्यांत पाप कांहीं नाहीं. परंतु रंगाला नैसर्गिक म्हणून पैसे मोजूं नयेत. आणखी एक. गोमेद म्हणून आजचे रत्नपारखी जो खडा देतात तो हेसोनाइट, म्हणजे गार्नेटच्या कुळांतला; अकीकाशीं त्याचें नातें नाहीं. नवरत्नांच्या यादींत अकीक नाहींच.

येथपर्यंतची कथा ऐकावयास गोड आहे. आतां जें सांगावयाचें तें गोड नाहीं. गार कठीण आहे, म्हणून ती झिजवावी लागते. आणि ती झिजते तेव्हां तिची अतिसूक्ष्म धूळ होते. पूर्वीं हातानें घासण्याचें काम मंद होतें. विजेचीं चाकें आलीं, काम झपाट्यानें होऊं लागलें, आणि धूळही त्याच मानानें वाढली. हे कण इतके बारीक, कीं नाकांत न अडकतां थेट फुप्फुसाच्या तळाशीं जातात. शरीरांतील पेशी त्यांना गिळण्याचा यत्न करतात, परंतु सिलिका पचत नाहीं. गिळणारी पेशीच मरते, कण पुन्हां मोकळा होतो, आणि दुसरी पेशी त्याला गिळावयास येते. अशा रीतीनें फुप्फुसांत वणावर वण पडत जातात. माणसाला आधीं जिना चढतांना धाप लागते, पुढें चालतांना, आणि शेवटीं बसल्या जागीं. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारें औषध नाहीं. क्षयाचे जंतु अशा फुप्फुसांत सहज घर करतात, त्यामुळें पुष्कळदां दोन्हीं रोग एकत्र येतात.

अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनें १९८०च्या दशकापासून खंबायतच्या अकीक-कामगारांची तपासणी केली, तेव्हां घासणाऱ्यांत हा रोग आढळला. त्याहून खेदाची गोष्ट अशी, कीं ज्यांनीं चाकाला कधीं हात लावला नाहीं, केवळ त्याच आळींत किंवा त्याच घरांत राहात होते, अशांतही तो आढळला. याचें कारण उघड आहे. हा धंदा मोठ्या कारखान्यांत चालत नव्हता. तो घराच्या ओसरीवर आणि अंगणांत चालत होता. चूल तेथेंच, पाळणा तेथेंच. १९४८च्या कारखाना-कायद्यानें सिलिकोसिस हा सरकारला कळविण्याच्या रोगांत घातला खरा. परंतु ओसरीवरच्या एका चाकापर्यंत तो कायदा पोंचत नसे. मजूर तुकड्यावर काम करीत, मालकाच्या वहींत त्यांचें नांव नसे, आणि नांव नाहीं म्हणजे रोगाची भरपाई मागण्यास आधारही नाहीं.

हें टाळतां येण्याजोगें आहे, म्हणूनच त्याचें अधिक वाईट वाटतें. घासतांना दगडावर पाण्याची धार ठेविली तर धूळ उडण्याऐवजीं चिखल होतो. चाकाजवळ धूळ ओढून घेणारी नळी लाविली तर ती कारागिराच्या नाकापर्यंत येत नाहीं. अशीं साधनें वरील संस्थेनें तयार करून दाखविलींही आहेत. नाकावर फडकें बांधून मात्र हा कण अडत नाहीं. सिद्ध उपाय आणि गरीब कारागीर यांच्यामध्यें उभा असतो तो खर्च. आणि तो खर्च मण्याच्या किंमतींत धरावा, असें म्हणणारें गिऱ्हाईक विरळा.

या ठिकाणीं सुशिक्षित गृहस्थानें थोडें थांबावें. आपण रेशमी वस्त्र सोंवळ्यांत कां घेतो, याची चर्चा आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या झाली. जपमाळेंतील मणि किती असावेत, कोणत्या देवतेला कोणती माळ, याचे निर्णय ग्रंथांत आहेत. त्या मण्याला भोंक पाडणाऱ्याचा श्वास सुरळीत आहे कीं नाहीं, हा प्रश्न त्या चर्चेंत कोठेंच आला नाहीं. तो आतां यावयास हवा, असें मला मनापासून वाटतें. दुकानदाराला “हा घासला कोठें, ओला कीं कोरडा?” असें विचारिलें तर तो पहिल्यांदा हंसेल. दहा गिऱ्हाइकांनीं विचारिलें, तर तो मालाबरोबर हें उत्तरही मागवूं लागेल. मालाच्या रंगाची चौकशी आपण करतोंच. तीच चौकशी एक पाऊल पुढें न्यावयाची आहे.

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. आपल्या मुलानें आणलेला दगड बहुधा अकीक आहे. चाकूची आणि कांचेची परीक्षा करून खात्री करून घ्यावी. रत्नशास्त्रांत रुधिराख्य म्हणून जो मणि येतो तो म्हणजे तांबडी अकीक, असें पुष्कळ विद्वान् मानितात. त्या दृष्टीनें हा दगड रत्नांच्या पंक्तीला बसला आहे. बाजारांत मात्र त्याला म्हणण्यासारखी किंमत येणार नाहीं, कारण तो दुर्मिळ नाहीं. पैसे पडतात ते मजुरीचे. अंगठींत बसवावयाचा असेल तर ग्रहासाठीं बसवूं नये, आवडला म्हणून बसवावा. आणि ज्याला कापावयास द्याल त्याला पाणी सोडून काप, असें निक्षून सांगावें. घरीं मुलाला तो कोरडा घासूं देऊं नये. हौस असेल तर परातींत पाणी घेऊन, पाण्याखालीं, सहाणेवर घासावा. वेळ लागेल, पण उन्हाळ्याच्या सुट्टींत मुलांना वेळच हवा असतो.

याहून सोपें म्हणजे, दगड जसा आहे तसा कांचेच्या वाटींत पाण्यांत ठेवून द्यावा. ओलेपणानें त्याच्या रेघा जिल्हई दिल्यासारख्या स्पष्ट दिसतात. त्याची पातळ कपची असेल तर ती दिव्याच्या ज्योतीपुढें धरावी. कोणतीं वलयें उजेड सोडतात आणि कोणतीं अडवितात, हें मुलाकडून कागदावर काढवून घ्यावें. दगड कोणत्या जागीं, कोणत्या महिन्यांत, पाण्याच्या कोणत्या बाजूला मिळाला, हेंही त्या कागदावर लिहून ठेवावें. नदीकांठीं समांतर कडांचीं, बोटाएवढीं पातीं मिळालीं तर तीं मात्र उचलूं नयेत. तीं जेथें आहेत तेथेंच राहूं देऊन पुरातत्त्व विभागास कळवावें, कारण जागेवरून हललें कीं पातें मुकें होतें.

कांहीं गांवीं गार म्हणजे आभाळांतून पडणारी, आणि शेतांतल्या दगडाला गारगोटी, असा भेद करतात. रेघांच्या गारगोटीला निराळें नांव असल्यास वाचकांनीं जागेच्या नांवासह अवश्य कळवावें. खडकांच्या याच पोकळ्यांत मोरपिशी, गुलाबी आणि पांढऱ्या स्फटिकांचे घोसही सांपडतात. जळगांव, नाशिक आणि पुणें या भागांतील विहिरी व खाणी त्यांसाठीं जगभर प्रसिद्ध आहेत. त्यांविषयीं पुढील महिन्यांत.